पाळलेला साप गंभीर आजारी पडतो तेव्हा: निदानापासून निरोपापर्यंत

केशर माझ्याकडे अकरा वर्षं होती. कॉर्न स्नेक, केशरी अंगावर तांबडे ठिपके. एका रविवारी नेहमीसारखी वजनकाट्यावर ठेवली, तर ७१० ग्रॅमच्या जागी ६३८ ग्रॅम. आठच दिवसांपूर्वी तिने उंदीर झडप घालून खाल्ला होता. डोळे स्वच्छ होते, जीभ सारखी आतबाहेर चालू होती. मी काटा पुसून पुन्हा वजन केलं. आकडा तोच. शरीराच्या मागच्या एक तृतीयांश भागात बोट फिरवलं तेव्हा एक कठीण गाठ लागली. ती मूत्रपिंडाची निघाली. त्यानंतर केशर चार महिने जगली.

त्या चार महिन्यांत मला जे कुणीतरी एका जागी लिहून द्यायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे. तुमचा साप आत्ता आजारी असेल तर पहिले दोन भाग लगेच वाचा, बाकीचं सवडीने वाचा.

साप दुखणं दाखवत नाही, म्हणून आकडे बघा

कुत्रं कण्हतं, मांजर कोपरा धरते. साप यातलं काहीच करत नाही. दुबळेपणा दिसला की शिकारी टिपतो, त्यामुळे दुखणं लपवणं हे त्याच्या जगण्याचंच अंग आहे. तुम्हाला काही दिसायला लागतं तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. हे आधीच मनात पक्कं करा, कारण पुढे अपराधीपणा याच ठिकाणी येऊन बसतो.

दर आठवड्याला डिजिटल काट्यावर वजन करा आणि तारीख घालून लिहा. वजन दहा टक्क्यांनी घटलं आणि त्यामागे अंडी घालणं किंवा नेहमीचा ऋतूतला उपास नसेल, तर वाट बघू नका. केवळ खाणं सोडलं म्हणून घाबरू नका. बॉल पायथन (पाळला जाणारा लहान जातीचा अजगर) धडधाकट असताना महिनोनमहिने उपाशी राहू शकतो. उपासाबरोबर वजनही घसरतंय का, ते बघा.

खालचं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा:

- तोंड उघडून श्वास घेणं, नाकपुड्यांवर बुडबुडे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज
- डोकं विनाकारण वर उचलून आभाळाकडे बघत राहणं, मान मागे वळणं, उताणं केल्यावर स्वतःहून पालथं न होणं
- गिळलेलं भक्ष्य पुन्हापुन्हा बाहेर टाकणं, किंवा शरीराच्या मध्यावर न उतरणारी सूज
- तोंडात पिवळसर चिकट पदार्थ किंवा रक्त
- अंडी घालताना मध्येच थांबणं आणि पोट तसंच फुगलेलं राहणं

श्वासाच्या लक्षणांना विशेष घाई करा. सापाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं. त्याला नीट खोकता येत नाही, म्हणून फुप्फुसात साचलेला चिकटा बाहेर पडत नाही. कॉर्न स्नेकसारख्या बहुतेक सापांचं एकच फुप्फुस खऱ्या अर्थाने काम करतं. तेच भरलं की पर्याय उरत नाही.

पहिल्या दिवशी

आधी तापमान तपासा, तेही थर्मोस्टॅटवरचा आकडा बघून नव्हे. वेगळा थर्मामीटर साप प्रत्यक्ष जिथे बसतो तिथे ठेवून बघा. सापाच्या शरीरातली ऊब बाहेरून येते आणि त्याची रोगप्रतिकारशक्ती त्या उबेवर चालते. बॉल पायथनला उबदार बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागते, कॉर्न स्नेकला २८ ते ३१. आजारपणात या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहा, पण थंड बाजू बंद करू नका. कुठे बसायचं हे त्याला ठरवू द्या. त्याने जागा बदलली तर तेही लिहून ठेवा, डॉक्टरांना ते उपयोगी पडतं.

मग टँकमधला खालचा थर काढून साधा पांढरा कागद अंथरा. त्यावर विष्ठा, रक्त, चिकटा किंवा माइट (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) सगळं लगेच दिसतं. खाऊ घालणं थांबवा. पाणी असू द्या. घरात दुसरे साप असतील तर आजारी सापाला शक्य असल्यास वेगळ्या खोलीत न्या.

पशुवैद्य शोधताना थेट विचारा, "तुम्ही साप तपासता का? शेवटचा कधी तपासला होता?" प्रश्न उद्धट वाटेल, पण विचारा. मी सुरुवातीला ज्यांच्याकडे गेलो त्यांनी केशरला हातही न लावता जीवनसत्त्वं लिहून दिली. त्यात नऊ दिवस गेले. जवळपास अनुभवी डॉक्टर नसतील तर तुमच्या डॉक्टरांना एखाद्या दूरच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलायला तयार आहात का, असं विचारा. चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत.

नेताना सापाला उशीच्या अभ्र्यात ठेवा, अभ्र्याच्या तोंडाला गाठ मारा आणि तो हवा खेळणाऱ्या डब्यात ठेवा. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याच्या एका कडेला लावा. ती अंगाला चिकटू देऊ नका, सापाला भाजतं तरी तो बाजूला होईलच असं नाही. सोबत वजनाची वही, तापमानाच्या नोंदी, शेवटचं खाणं, शेवटची कात आणि मिळाली तर ताजी विष्ठा न्या. श्वासाची घरघर मोबाइलवर चित्रित करून न्या. दवाखान्यात साप नेमका गप्प बसतो.

निदान ऐकताना

नाव ऐकून हबकून जाऊ नका, पुढचे प्रश्न विचारा. हा आजार बरा होतो, आटोक्यात राहतो, की नुसता त्रास कमी करता येतो? बाकीच्या सापांना लागतो का? उपचार किती दिवसांचे, आणि ते करताना सापाला काय सोसावं लागेल? दोन आठवड्यांनी काय दिसलं तर उपचार लागू पडले म्हणायचे? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. उत्तर तारखेसकट लिहून घ्या.

जिवाणूंमुळे झालेला श्वसनाचा संसर्ग, तोंड सडणं, माइट, अडकलेली अंडी यांतून साप वेळेत धरला तर पुष्कळदा उठतो. काही निदानं मात्र जड असतात. बोआ आणि पायथन या कुळांत इन्क्लूजन बॉडी डिसीज होतो. त्यामागे अरेनाविषाणू असल्याचं २०१२ मध्ये समोर आलं, आणि त्यावर आजही औषध नाही. बोआ हा विषाणू अंगात घेऊन दीर्घकाळ निरोगी दिसू शकतो. पायथनमध्ये मज्जासंस्थेची लक्षणं झपाट्याने वाढतात. पायथनमधला निडोविषाणूचा श्वसनविकारही असाच चिवट. २०१४ मध्ये त्याची ओळख पटली, आणि प्रतिजैविकाने जरा बरं वाटून पुन्हा उलटणारे बरेचसे न्यूमोनिया असे का वागतात, याचं एक कारण हाती लागलं. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस हा परजीवी जठराची भिंत जाड करतो. भरवशाचा इलाज त्यालाही नाही. म्हातारपणच्या गाठी आणि मूत्रपिंडाचे आजार वेगळेच. केशरचा दुसऱ्या सापाला लागणारा नव्हता, एवढंच त्या दिवशी बरं वाटलं.

घरातली शुश्रूषा

इथे सर्वांत जास्त दिवस जातात, आणि चांगल्या हेतूने होणाऱ्या चुकाही इथेच होतात.

औषध: सापाच्या शरीरात औषध सावकाश फिरतं. सेफ्टाझिडीमसारखं प्रतिजैविक म्हणूनच बहुधा ७२ तासांनी एकदा देतात. रोज दिल्याने लवकर गुण येत नाही, उलट मूत्रपिंडावर ताण येतो. टँक गार असेल तर औषध ठरल्याप्रमाणे काम करत नाही, म्हणून तापमान हा औषधाचाच भाग धरा. इंजेक्शन साधारणपणे शरीराच्या पुढच्या भागातल्या स्नायूत, पाठीच्या कण्याच्या कडेला देतात आणि प्रत्येक वेळी बाजू बदलतात. पहिली दोन इंजेक्शनं डॉक्टरांसमोर स्वतः द्या. घरातली माणसांची वेदनाशामकं कधीही देऊ नका. वेदनेचा उपाय वेगळा मागा. मागितल्याशिवाय तो विषय निघतोच असं नाही, कारण साप दुखतंय असं सांगत नाही.

पाणी: शरीर कोरडं पडलं की कातडीवर सुरकुत्या राहतात, तोंडातली लाळ दोरीसारखी चिकट होते. त्वचेखाली द्रव द्यायचं काम डॉक्टरांचं. घरी उथळ, कोमट पाण्यात, २८ ते ३० अंशांच्या, पंधरा-वीस मिनिटं बसवता येतं. पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीपेक्षा वर नको आणि तुम्ही तिथून हलू नका. अशक्त साप चार बोटं पाण्यातही बुडतो. श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

खाणं: हाडं दिसणाऱ्या सापाला भरवण्याची घाई जीवघेणी ठरू शकते. आधी ऊब, मग पाणी, आणि हे दोन्ही जागेवर आल्यावर अन्न, तेही अगदी थोडं. दीर्घ उपासानंतर अचानक मोठं भक्ष्य दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात. नळीने पातळ अन्न द्यायचं असेल तर मात्रा डॉक्टरांकडून घ्या. भक्ष्य उलटून पडलं तर निदान दहा-चौदा दिवस काही देऊ नका.

स्पर्श: हे लिहायला मला जड जातं. आपल्याला त्याला जवळ घ्यावंसं वाटतं, त्याला मात्र एकटं राहावंसं वाटतं. मी पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी केशरला हातात घेऊन बसायचो आणि त्याला माया समजायचो. नोंदी बघितल्यावर लक्षात आलं की ज्या दिवशी हाताळत नव्हतो त्या रात्री ती फिरत होती, पाणी पीत होती. त्यानंतर औषध, वजन आणि स्वच्छता सोडून तिला हात लावला नाही. मी समोर खुर्ची टाकून बसायचो. आजारी सापाच्या टँकमध्ये लपायची जागा उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक ठेवाच. चढायच्या फांद्या काढा, पाण्याचं भांडं उथळ करा.

स्वतःची आणि घरच्यांची काळजी: निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. प्रत्येक वेळी साबणाने वीस सेकंद हात धुवा आणि भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना या कामापासून दूर ठेवा.

बाकीचे साप: निरोगी सापांचं काम आधी उरका, आजाऱ्याचं शेवटी. चिमटे, भांडी, हातमोजे वेगळे ठेवा. माइट एका टँकमधून दुसऱ्यात सहज जातात आणि त्यांच्याबरोबर रोगही जाऊ शकतो.

कधी थांबायचं

"तो स्वतःच सांगेल" असं लोक म्हणतात. साप सांगत नाही. म्हणून निकष शांत डोक्याने, आधीच लिहून ठेवावे लागतात.

मी वहीच्या शेवटच्या पानावर पाच प्रश्न लिहिले होते. ती स्वतःहून उबेकडून थंडाव्याकडे जाते का? उताणी केली तर पालथी होते का? जीभ बाहेर काढून वास घेते का? त्रास न होता श्वास घेते का? उपचार करूनही वजन घसरतंय का? दर रविवारी हो-नाही लिहायचं. लागोपाठ दोन रविवारी तीन उत्तरं वाईट आली तर डॉक्टरांशी निरोपाचं बोलायचं, असं डॉक्टरांसोबत बसूनच ठरवलं होतं. तुमचे प्रश्न आजारानुसार वेगळे असतील. ते वाईट दिवस येण्याआधी ठरवा, एवढाच आग्रह आहे. आपलं मन रोज एक पायरी खाली उतरत जातं, आणि कालचं असह्य आज चालवून घेतलं जातं.

खर्चाचंही बोलून घ्या. आपल्याला पेलणार नाही असा उपचार नाकारणं म्हणजे प्राण्यावर प्रेम कमी असणं नव्हे. डॉक्टरांना मर्यादा स्पष्ट सांगितली तर ते तिच्या आत जास्तीत जास्त काय होईल ते बघतात.

निरोपाचा दिवस

आधी काय करायचं नाही ते. सापाला फ्रीजरमध्ये ठेवून मारू नका. थंडीने तो झोपतो आणि सुखाने जातो, हा समज अजून पसरलेला आहे. शरीर गोठताना ऊतींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात, आणि न हलणारा साप वेदनामुक्तच असतो असं नाही. शुद्धीवरच्या सापाचं डोकं तोडणंही झटपट मरण नव्हे. सरपटणाऱ्यांचा मेंदू कमी प्राणवायूवर बराच काळ जागा राहतो. वायूने गुदमरवणं तर त्याहून वाईट, साप फार वेळ श्वास रोखून धरू शकतो.

योग्य पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी स्नायूत भुलीचं इंजेक्शन देतात. साप पूर्ण बेशुद्ध झाला, चिमटा काढून किंवा उताणा करून काहीच प्रतिसाद येत नाही याची खात्री झाली, की मग पेन्टोबार्बिटल हृदयात किंवा शरीरपोकळीत देतात. भूल चढायला वेळ लागतो आणि थंड सापात आणखी लागतो, म्हणून त्याला ऊब देत न्या. त्यानंतर मेंदूचं काम कायमचं थांबावं यासाठी डॉक्टर आणखी एक शारीरिक क्रिया करतात. ती बघण्याची गरज नाही. ती करणार आहात ना, एवढं विचारा.

मेंदू थांबल्यावरही सापाचं हृदय बराच वेळ धडधडू शकतं, अंग वळवळू शकतं. हे आधी माहीत नसेल तर ते दृश्य पुढे महिनोनमहिने पाठ सोडत नाही. हालचाल म्हणजे जाणीव नव्हे, हे त्या खोलीत कुणीतरी मोठ्याने म्हणावं. केशरच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी म्हटलं. मी भूल चढेपर्यंत थांबलो, नंतर बाहेर गेलो. तुम्ही थांबा किंवा थांबू नका, दोन्ही बरोबर आहे.

साप घरीच गेलेला सापडला तर घाई करू नका. गारठलेला साप मेल्यासारखा दिसतो. त्याला नेहमीच्या तापमानात आणून काही तास ठेवा. डोक्यापासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर पोटाच्या बाजूने हृदयाची धडधड बघा. शंका राहिली तर दवाखान्यात डॉप्लरने (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या.

देह

मृत्यूचं कारण माहीत नसेल किंवा घरात आणखी साप असतील तर शवविच्छेदन कराच असं मी म्हणेन. खात्री झाल्यावर देह दुहेरी पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, शीतपेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि २४ तासांच्या आत पोहोचवा. गोठवू नका, गोठल्यावर ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. देह परत हवा असेल तर तसं आधी सांगा.

पुरायचं असेल तर नियम परवानगी देत असतील तिथेच, पाण्याच्या स्रोतापासून लांब आणि किमान तीन फूट खोल. पेन्टोबार्बिटल देहात टिकून राहतं आणि तो उकरून खाणारा प्राणी-पक्षी मरू शकतो. दहन करणार असाल तर स्वतंत्र दहन मागा. लहान सापाची राख अगदी चिमूटभर असते, हे आधी कळलेलं बरं. पाळण्यासाठी परवाना किंवा नोंदणी असेल तर मृत्यूची नोंदही करून टाका.

आठवण म्हणून कात ठेवता येते. आजाराआधीची, निरोगी दिवसांतली अखंड कात असेल तर ती निवडा. संसर्गजन्य आजार असेल तर आजारपणातली कात ठेवू नका.

तुमचं दुःख

"साप होता ना शेवटी?" हे तुम्ही ऐकाल. घरातल्या एखाद्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसेल, कारण त्याला इतकी वर्षं मनातून भीती वाटत होती. त्याच्यावर चिडू नका, पण त्याच्याकडे सांत्वनही शोधू नका. समाज ज्याला जागा देत नाही अशा दुःखाला शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ' असं स्वतंत्र नाव दिलं. अशा माणसाला दुःखाबरोबर ते लपवण्याचा भारही वाहावा लागतो. म्हणून निदान एक माणूस असा धरा, ज्याला "तो तुला ओळखत तरी होता का?" असं विचारावंसं वाटत नाही. साप पाळणारा दुसरा कुणी, किंवा डॉक्टरांची साहाय्यक. मला तिनेच सावरलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही ठाम देता येत नाही. केशर माझ्यावर प्रेम करायची असं मी म्हणणार नाही. पण अकरा वर्षं दर रविवारी मी तिच्यापाशी होतो. माझी माया खरी असायला तिची परतफेड लागत नव्हती.

अपराधीपणाचं थोडं खोलात सांगतो, कारण साप पाळणाऱ्यांना तो फार छळतो. बरेचसे आजार तापमान, आर्द्रता आणि स्वच्छतेतून येतात, त्यामुळे "मीच मारलं" हा विचार येणारच. कागदावर दोन रकाने करा. एकात तुम्हाला त्या वेळी माहीत होतं ते, दुसऱ्यात आज माहीत आहे ते. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींसाठी पहिल्या दिवसांतल्या स्वतःला शिक्षा देऊ नका. पहिल्या रकान्यात खरोखर चूक निघाली, थर्मोस्टॅट बंद पडलेला माहीत असून आठवडा गेला असेल, तर ती चूक म्हणून मान्य करा आणि दुसऱ्या एका पाळणाऱ्याला सांगा. तो निदान आपला थर्मोस्टॅट तपासेल.

मुलांना "झोपला" किंवा "निघून गेला" असं सांगू नका. झोपायची भीती बसते, नाहीतर ते परतीची वाट बघतात. "त्याचं शरीर बंद पडलं, आता ते चालू होणार नाही, त्याला दुखत नाही," एवढं पुरतं. झोप, जेवण, काम अनेक आठवडे विस्कळीत राहिलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर समुपदेशकाकडे जा आणि साप होता हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. तिथे ते लपवत बसलात तर वेळ फुकट जातो.

रिकामा टँक

मला सगळ्यात जास्त त्रास तिच्या खाण्यासाठी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या उंदरांनी दिला. उघडताना दर वेळी समोर. न उघडलेली पाकिटं दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा वन्यजीव उपचार केंद्राला विचारून देऊन टाका. हीट मॅटचं (टँकला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचं) बटण मात्र तुम्हाला जमेल त्या दिवशी बंद करा. मी सहा दिवस चालू ठेवली होती.

टँक मोडताना लाकूड, साल, बूच असं पाणी शोषणारं सगळं टाकून द्या. काच आणि प्लास्टिक आधी साबणाने घासा, मग जंतुनाशक लावा. घाणीवर जंतुनाशक काम करत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम असेल तर नेहमीच्या ब्लीचचा भरवसा धरू नका, तिथे उकळतं पाणी किंवा वाफ लागते, आणि बरंचसं सामान टाकणंच सोपं.

दुसरा साप आणायचा विचार शवविच्छेदनाचा अहवाल हातात येईपर्यंत करू नका. घरात इतर साप असतील तर नव्याला किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. बोआ किंवा पायथन असेल तर सहा महिने. मी चौदा महिन्यांनी आणला. त्याचं पहिल्या दिवशीचं वजन ९ ग्रॅम होतं. ते केशरच्या वहीत पुढच्या पानावर लिहायला घेतलं होतं, मग उठून नवी वही घेऊन आलो. तुम्हीही नवीच घ्या.